फुग्यातला शब्द

फुग्यात ‘येस’ लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलं. झालं एवढंच. चित्रकथेत माणसाच्या तोंडून निघणाऱ्या बोलण्याभोवती जी गोल रेघ काढतात तिला माझी मुलगी चेतना फुगा म्हणते. तसा तो पिवळा फुगा होता, त्यात काळं, जाड, थोडं उजवीकडे कललेलं ‘येस’ आणि पुढे उद्गारचिन्ह. कुरियरवाला नुकताच गेला होता. मी कात्रीने पाकिटाची कड कापून पुस्तकाची कच्ची प्रत बाहेर काढली होती आणि पहिल्या पानापासून सुरुवात न करता मधूनच उघडली होती. शाळेच्या ग्रंथालयात माझी उभी नोकरी झाली. नवीन पुस्तक आलं की आधी मध्ये उघडून शिवण बघायची ही तिथली सवय. आतल्या खोलीत फुलीबाई माझ्या बायकोला, छबूला, भरवत होती. ‘तोंड उघड वं माय, एक घास ली ले,’ असं तिचं चाललेलं ऐकू येत होतं. मी तो शब्द वाचला आणि तो मला ऐकू आला, छबूच्याच आवाजात, पण आताच्या नव्हे. आताचा तिचा आवाज ओल्या कापडात गुंडाळल्यासारखा येतो. हा आवाज तिच्या माहेरच्या, कोरीटच्या रस्त्यावरचा होता, धापा टाकत हसणारा. एसटी येऊन उभी राहिलेली, मी तिची पिशवी घेऊन भराभर पुढे निघालेलो, आणि मागून ती, लग्नाला वर्षही न झालेली, ‘थांबा ना जराखं, मी येस!’

मी पुस्तक मिटलं. पुन्हा उघडलं. शब्द तसाच होता. आमच्याकडच्या अहिराणीत ‘मी येस’ म्हणजे मी येते. हे मला शिकवायला नको. माझी आई असंच बोलायची, या गल्लीतली निम्मी माणसं आजही असंच बोलतात, दारावरच्या भाजीवाल्याशी माझ्या तोंडूनही कधीमधी निघून जातं. आणि तरी गेले कितीतरी महिने छबू हाच एक शब्द बोलते आहे, दिवसातून कितीदा तरी, माझ्यापासून दोन हातांवर, आणि मी तो इंग्रजी समजत आलो. कानांनी ऐकून कळला नाही. तो कागदावर देवनागरीत छापून, कुरियरने पुण्याहून यावा लागला, तेव्हा कळला. कळला असं म्हणतानाही माझा मला भरवसा वाटत नाही.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी छबूला झटका आला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. धुळ्याच्या दवाखान्यात ती दिवसच्या दिवस छताकडे बघत पडून होती. एके सकाळी एक तरुण डॉक्टर तपासणी करून, ‘आजी, आता बरं वाटतंय ना?’ असं विचारत वळला, तेव्हा तिच्या तोंडून स्पष्ट शब्द आला, ‘येस.’ आमचा मुलगा धर्मेंद्र खुर्चीतून उठलाच. ‘आई एकदम इंग्लिशमध्ये आली!’ तो हसला, त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, डॉक्टरही हसला, मी हसलो. किती दिवसांनी आम्ही हसत होतो. त्या हसण्यातच शब्दाचं बारसं होऊन गेलं. नंतर मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की अशा झटक्यानंतर एखादाच शब्द मागे राहतो, प्रत्येक गोष्टीला तोच बाहेर पडतो, त्यात फार अर्थ शोधू नका. मी मान डोलावली. अर्थ शोधायचा नाही म्हणून सांगितल्यावर इतका सुटल्यासारखा मी कधी झालो नव्हतो. मग घरी आल्यावर चहा हवा का, येस. खिडकी लावू का, येस. दुखतंय का, येस. दिवसभर तिचं सगळं करायला ठेवलेली फुलीबाई तिला लाडाने ‘इंग्लिश मडम’ म्हणू लागली. आता आठवतं, आठवतं म्हणजे मी आठवून बघतो आहे, की दवाखान्यातल्या त्या सकाळी डॉक्टर तिला प्रश्न विचारत होता हे खरं, पण त्याच वेळी तो दाराकडे निघालाही होता.

पुस्तकाचं नाव ‘येस-आई’. एक म्हातारी बाई, तिचे सगळे शब्द नाहीसे होतात, एकच उरतो, आणि त्या एका शब्दात अशी काही ताकद येते की तो उच्चारला की अडकलेलं सुटतं. रेल्वेचं फाटक उघडतं. पुरात तापीवरच्या धरणाचा दरवाजा गंजून बसलेला असतो, खाली गावात पाणी शिरत असतं, येस-आई वरून उडत येते, म्हणते ‘येस!’ आणि लोखंड करकरत वर उचललं जातं. हे पान दोन्ही बाजूंना पसरलेलं आहे आणि फार सुंदर आहे; पाण्याचा तो गढूळ रंग चेतनाला कसा साधला कोण जाणे. येस-आईच्या पाठीवर फडफडणारं जे वस्त्र आहे ते म्हणजे टॉवेल. जेवताना साडी खराब होऊ नये म्हणून फुलीबाई छबूच्या गळ्यात जो टॉवेल बांधते, तो चेतनाने फोनवरच्या व्हिडिओत पाहिला आणि उलटा फिरवून पाठीवर सोडला. मला हे फार आवडलं होतं. तिने पहिली चित्रं दाखवली तेव्हा मी म्हटलंही होतं, बरं जमलंय. माझ्या तोंडून स्तुती याच्यावर जात नाही. तेव्हा फुग्यांत इंग्रजी अक्षरं होती. मराठी आवृत्तीत ती देवनागरीत आली, आणि ऱ्हस्व-दीर्घ बघायला तिने प्रत माझ्याकडे पाठवली.

मीही आहे पुस्तकात. उंच, वाकलेला, प्रत्येक चौकटीत पाठमोरा, समोर पुस्तकांचं कपाट किंवा वर्तमानपत्र. एका पानावर येस-आई माझ्यामागे उभी राहून ‘येस!’ म्हणते. शेजारच्या चौकटीत खिडक्या, दारं, डबे, छत्र्या, गल्लीतल्या मोटारींची टपं, सगळं फटाफट उघडतं. माझं वर्तमानपत्र मात्र तसंच. विनोदासाठी आहे ते. मीही हसलो होतो. आज त्या पानावर मी बराच वेळ थांबलो. वर्तमानपत्राच्या कडेला धरलेली माझी बोटं तिने अगदी हुबेहूब काढली आहेत.

शेवटचं प्रकरण वाचायला मला लाल पेन हातात धरावं लागलं, काहीतरी काम आहे असं वाटावं म्हणून. टेकडीवर एक मोठी इमारत आहे. येस-आईचा मुलगा आणि मुलगी तिला तिथे ठेवायला आलेत. निघायची वेळ येते आणि दोघांचे पाय जमिनीला चिकटतात, अक्षरशः, बुटांखालून मुळं फुटल्यासारखे. ती दोघं रडतात, ओढतात, पाय सुटत नाहीत. मग येस-आई फाटकापाशी येते, दोघांकडे बघते आणि म्हणते, ‘येस.’ उद्गारचिन्ह नाही, फुगाही लहान. मुळं गळून पडतात. मुलं मोकळी होऊन उतारावरून चालू लागतात, आणि ती त्यांच्या डोक्यावरून, टॉवेल फडफडवत, मोठं वळण घेऊन परत इमारतीकडे जाते. हे प्रकरण काढताना चेतना किती रात्री रडली ते तिनेच मला सांगितलं होतं. ‘नाना, हे पुस्तक झाल्यावर मी पहिल्यांदा झोपले,’ असंही म्हणाली होती.

कारण इमारत खरी होती. म्हणजे टेकडी नव्हती, पण नाशिकला, धर्मेंद्रच्या घरापासून जवळ, अशा रुग्णांना सांभाळणारी एक जागा होती, आणि रविवारी छबूला न्यायला गाडी येणार होती. मी पुण्याला चेतनाकडे जायचं ठरलं होतं. माझ्या गुडघ्यांनी तिला उचलणं होत नाही, फुलीबाई संध्याकाळी घरी जाते, दोन वेळा मी आणि छबू दोघंही मोरीच्या दारात पडलो होतो. यात खोटं काही नव्हतं. काही महिन्यांपूर्वी दोन्ही मुलं आली, पलंगाभोवती बसली. धर्मेंद्रने तिचा डावा हात हातात घेऊन सगळं नीट समजावून सांगितलं. तिथे व्यायाम करून घेतात, चोवीस तास नर्स असते, मी रोज ऑफिसातून येताना येईन. ‘राहशील ना आई?’ चेतनाने तोंड फिरवलं होतं. मी उठलो होतो. उगीचच, पाणी आणायला म्हणून उठलो होतो, तिथे बसवत नव्हतं. आणि मी दाराशी पोचतो तोच मागून आवाज आला, ‘येस.’ धर्मेंद्रने सुटकेचा श्वास सोडला. मी स्वयंपाकघरात नळ सोडून उभा राहिलो आणि मनात म्हटलं, चला, तीच हो म्हणाली.

तिने मला हाक मारली होती का?

मी तिला कधी रागावलो नाही. हे मी स्वतःला फार वेळा सांगतो, म्हणजे त्यात काहीतरी असणार. कोरीटच्या त्या रस्त्यावर मी थांबलो आणि हसत म्हटलं, ‘येस नाही, येते म्हणायचं.’ तिनेही कमरेवर हात ठेवून, मान वाकडी करून, शाळेतल्या बाईंसारखं म्हणून दाखवलं, ‘ये-ते!’ आणि एसटीत चढेपर्यंत आम्ही दोघं हसत होतो. एवढंच. पुढे नंदुरबारला बिऱ्हाड केलं, माझ्याकडे शिक्षक मंडळी यायची, पुस्तकांवर बोलणं चालायचं. ती चहा घेऊन आली आणि काही बोलली, की तिचं वाक्य संपल्यावर मी तेच वाक्य पुन्हा म्हणायचो, शुद्ध करून, हलक्या आवाजात, जणू मीच काहीतरी बोलतो आहे. ‘साखर कमी पडनी का?’ ‘साखर कमी पडली का, विचारतेय ती.’ मला वाटायचं मी तिला सांभाळून घेतोय. मुद्रितं तपासणाऱ्याला समासात खूण केल्याशिवाय राहवत नाही, तसं ते होतं. वर्षा-दोन वर्षांत खुणा करायची गरज उरली नाही. मुलं ‘आई’ म्हणू लागली, ‘माय’ नाही. माहेरचं कोणी आलं की मागच्या दारी तिची अहिराणी सुरू व्हायची, आणि मी आत आलो की ती एखाद्या भांड्यावर झाकण ठेवावं तशी थांबायची. तीस-पस्तीस वर्षं ती माझ्याशी माझ्या मराठीत बोलली, चांगलं बोलली. झटक्याने ती सगळी मराठी नेली. आत खोल जे उरलं होतं ते तिचं स्वतःचं होतं, आणि ते तिने बाहेर काढलं तर आम्ही म्हटलं, बघा, इंग्रजी बोलायला लागली.

पण हेही माझंच वाचन. दुपारी ती जागी होती तेव्हा मी पलंगाजवळ खुर्ची ओढून बसलो. ‘छबू, तुला नाशिकला जायचं आहे?’ ती माझ्याकडे बघत राहिली. ‘जायचं नाही?’ बघत राहिली. ‘तू येस म्हणतेस ते काय म्हणतेस?’ असा मूर्ख प्रश्नही मी विचारला. तिने डोळे खिडकीकडे वळवले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की इतक्या महिन्यांत आम्ही धरून चाललो होतो की ती प्रत्येक प्रश्नाला उत्तर देते. ती देत नव्हती. आम्ही प्रश्न विचारून पुढच्या कामाला उठायचो, आणि त्या उठण्याला ती बोलायची. मी खुर्ची मागे सारली. खुंटीवरची कापडी पिशवी काढली. दाराकडे जाऊन म्हटलं, ‘छबू, मी बाजारात जातो.’

‘येस,’ ती म्हणाली. आणि चादरीखालून तिचा डावा पाय बाहेर आला, पलंगाच्या कडेवरून खाली लोंबला, आणि अंगठा फरशीवर इकडे तिकडे चपला शोधू लागला. चपला तिथे नव्हत्या. दवाखान्यातून आल्या दिवशी मीच त्या कपाटावर टाकल्या होत्या, आता काय करायच्यात म्हणून. हा पाय मी आधी पाहिला नव्हता असं नाही. कितीदा तरी परत येऊन तो उचलून पलंगावर ठेवला होता, आणि फुलीबाईला सांगितलं होतं, हिचा पाय घसरतो, उशी लावत जा.

मला आधीपासूनच माहीत होतं का? ‘हो’ सोयीचं होतं म्हणून मी ते ‘हो’ राहू दिलं का? हे स्वतःला विचारत मी त्या खोलीत पिशवी घेऊन उभा राहिलो. मी बाहेर येऊन पुन्हा पुस्तक उघडलं. तेवढ्यात चेतनाचा फोन आला.

‘नाना, मिळालं का? कसं वाटलं? आणि खरं सांगा हं, तुमचं ते बरं जमलंय नको.’

‘मिळालं. शिवण चांगली आहे.’

‘शिवण!’ ती खळखळून हसली. ‘अहो, शिवण मी नाही घातलेली. चुका किती निघाल्या?’

एक, असं म्हणावंसं वाटलं. तिचा आवाज किती दिवसांनी असा मोकळा होता. खानदेशाच्या बाहेर कोणाला काय कळणार आहे, हाही विचार आला. तो विचार मनात असतानाच मी बोललो. ‘चेतना, तो शब्द इंग्रजी नाही बहुतेक.’

‘कुठला शब्द?’

मी सांगितलं. नीट सांगता आलं नाही, व्याकरणच जास्त सांगितलं. करस, जास, येस, अशी प्रथमपुरुषी रूपं चालवून दाखवली. तिने मध्ये अडवलं नाही. मग तिने हळू विचारलं, ‘म्हणजे आई हो म्हणत नव्हती?’

‘बहुतेक नाही.’

‘मग माझ्या शेवटच्या पानावर, आम्ही दोघं तिला सोडून निघालोय आणि ती फाटकात उभी राहून म्हणतेय, मी येते?’

मी ते पान पुन्हा काढलं.

‘आणि आमचे पाय सुटतात,’ ती म्हणाली. ‘वा.’ मग म्हणाली, ‘नाना, तुम्ही इतके महिने घरात आहात तिच्याबरोबर. मी पुण्यात आहे. मला अहिराणी येत नाही, तुम्ही येऊ दिली नाहीत. हे तुम्हाला आज कसं काय कळलं?’

‘आज वाचलं.’

‘वाचलं,’ ती म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

‘छापू दे आहे तसं,’ मी म्हटलं. ‘तुझी किती महिन्यांची मेहनत आहे त्यात. पुस्तक चांगलं आहे. मी चुकीचाही असेन.’

‘आता मला ते पान बघवेल का, नाना?’ ती म्हणाली. ‘दादाला तुम्ही सांगा. मी नाही सांगणार.’ फोन बंद झाला. एकीचा शब्द सोडवायला गेलो आणि दुसरीची झोप घेऊन बसलो. तिने ते पुस्तक स्वतःला माफ करायला काढलं होतं, आणि त्यावर लाल पेन चालवणारा मी. मला वाटलं उठून तिला परत फोन करावा, म्हणावं, चुकलं, मी उगीच शंका काढली, शंका काढायची मला सवयच आहे. मी उठलो नाही. धर्मेंद्रला फोन लावला.

धर्मेंद्र मीटिंगमध्ये होता, बाहेर येऊन बोलला. सगळं ऐकून घेतलं. तो चांगला मुलगा आहे, फक्त घाईत असतो. ‘नाना, सगळ्यांसमोर विचारलं होतं. ती हो म्हणाली.’

‘ती हो म्हणत नव्हती. येते म्हणत होती.’

‘मग तेच तर! निघताना आपण येतेच म्हणतो ना? जाते कोण म्हणतं? तिची तयारी आहे, तुमची नाही.’

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. खरंच, मराठीत काय आणि अहिराणीत काय, दोन्हीकडे माणूस येतो म्हणूनच जातो. ती निरोप घेत असेल. दवाखान्यातल्या त्या पहिल्या सकाळपासून ती प्रत्येकाचा निरोप घेत असेल. पण तो पाय? तो अंगठा चपला शोधत होता.

‘माझ्याबरोबर येते म्हणत होती,’ मी म्हटलं.

‘हे कोणी सांगितलं तुम्हाला?’

‘तिने.’

‘नाना, जरा प्रॅक्टिकल व्हा. तिला उचलणार कोण?’

‘मी.’

‘तुम्ही! पुस्तकांचा गठ्ठा उचलायला शिपाई लागायचा तुम्हाला.’

‘रविवारी गाडी पाठवू नकोस,’ मी म्हटलं. माझा आवाज चढला असावा, कारण आत फुलीबाईचं बोलणं थांबलं. धर्मेंद्र म्हणाला, बघू, संध्याकाळी बोलू. त्याने पाठवतो म्हटलं नाही, हे मी धरून ठेवलं. आणि मला, सांगायला लाज वाटते, बरं वाटलं. छाती भरून आल्यासारखं. तिला माझ्याबरोबर यायचं होतं. सगळ्या जगातून तिच्याकडे एक शब्द उरला होता आणि तो माझ्यामागे येण्याचा होता. चार वाजता मी स्वतः चहा केला, तिला चमच्याने पाजला, तो निम्मा टॉवेलवर सांडला, तरी मी तिच्याकडे अशा ओळखीने बघत होतो जसं काही आम्हा दोघांचं काहीतरी गुपित आहे. ती चहा गिळत होती.

ऊन उतरल्यावर फुलीबाईने तिचं अंग पुसलं, केस विंचरून घट्ट वेणी घातली, खिडकी लावली. मग पदर खोचत उंबऱ्यात उभी राहिली, जशी रोज राहते. ‘येस वं माय, सकाये,’ ती म्हणाली.

‘येस,’ छबू म्हणाली.

एकाच खोलीत, एकापाठोपाठ एक, तोच शब्द दोनदा. रोज संध्याकाळी मी हे ऐकत आलो होतो. पहिला अहिराणी म्हणून, दुसरा इंग्रजी म्हणून. पण त्याचं वाईट वाटायला सवड मिळाली नाही, कारण छबूचा पाय चादरीतून बाहेर आला होता. दुपारी माझ्यासाठी आला त्याहून जोरात. चांगल्या हाताने तिने पलंगाची कड धरली, खांदा उचलला, मान पुढे काढली, आणि दाराकडे बघत पुन्हा म्हणाली, ‘येस. येस.’ मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. तिची नजर माझ्या बाजूने निघून दारात गेली होती.

‘हाई देख!’ फुलीबाई हसली. ‘मन्हासंगे येस म्हनते का मडम? मन्ही झोपडीमा कोठे निजशी वं?’ आणि तिने पाय उचलून नीट पलंगावर ठेवला, उशी लावली, जसं मी सांगितलं होतं. छबूने तो पुन्हा खाली सोडला.

मी काय काय समजलो होतो, आणि तेही दुसऱ्यांदा, एकाच दिवसात. धर्मेंद्रला मी काय सांगितलं होतं, ‘तिने सांगितलं.’ तिने माझं नाव कधी घेतलं होतं? ‘येस’च्या मागे-पुढे काहीही नव्हतं, ‘माझ्याबरोबर’ हे मी घातलं होतं, तिचं वाक्य पुरं करून, हलक्या आवाजात.

‘फुलीबाई,’ मी म्हटलं, ‘थांब जरा. हिला खुर्चीत बसवायला हात दे.’

‘आते? कथा ली जातस माय ले?’

‘कुठे ते माहीत नाही.’

‘नाना, तुम्हले बी झटका उना का काय!’ पण तिने पिशवी खाली ठेवली. आम्ही दोघांनी मिळून छबूला चाकांच्या खुर्चीत बसवलं, पट्टा लावला, गुडघ्यांवर शाल टाकली. व्हरांड्याची पायरी उतरताना खुर्ची एका बाजूला कलली आणि मी घाबरून ओरडलो. छबू ओरडली नाही. फुलीबाई फाटकापर्यंत आली, मग तिच्या रस्त्याने उजवीकडे निघून गेली, मागे बघून एकदा हात हलवला. मी छबूकडे बघत होतो. तिने फुलीबाई गेली तिकडे मान वळवली नाही. म्हणजे तीही नव्हे. कोणाबरोबर हा तिच्या शब्दात भागच नसेल. कोणीही निघालं, की तिलाही निघायचं असेल. दार उघडलं की बाहेर, एवढंच.

गल्लीत मुलं सायकली फिरवत होती. समोरच्या गच्चीवरून कोणीतरी आम्हाला बघत होतं, आणि एरवी मी अशा वेळी आत गेलो असतो. फाटक ओलांडलं. डावीकडे स्टेशनचा रस्ता, समोर शेतांकडे जाणारी वाट, तिकडे काही अजून बांधलेलं नाही. मी खुर्चीच्या पुढे येऊन तिच्यासमोर वाकलो. गुडघे वाजले. विचारायचं होतं ते मनात आधी मराठीत आलं, ‘कुठे येतेस?’, ते मी जाऊ दिलं. मग जे तोंडातून आलं ते इतक्या वर्षांनी मलाच परकं वाटलं, एखाद्या पोराने पाठ करून म्हणावं तसं.

‘कथा येस, छबू? कथा?’

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं, ओठांकडे. मग तिचा चांगला हात शालीतून निघाला, वर आला, हवेत राहिला. मी तिच्या बोटाच्या रेषेत मान वळवून बघितलं. स्टेशनचा रस्ता नव्हता तो, शेतांची वाट नव्हती, कोरीटची दिशाही नव्हे. बोट कुठेच दाखवत नव्हतं. फक्त घराकडे दाखवत नव्हतं, एवढं मला दिसलं.